"ताई, एक चार्ट पाठवा ना" – व्यायामाबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांमधे वय लिहिलंय, वजन लिहिलंय आणि खाली एकच मागणी, "ताई, व्यायामाचा एक चार्ट पाठवा ना". चार्ट मी पाठवत नाही. कारण वीस वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन बायका एकाच दिवशी माझ्याकडे येतात, त्यातल्या एकीला मी जिना चढायला लावते आणि दुसरीला सांगते की महिनाभर जिन्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, रात्री दुखण्याने जाग येते का, जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, शेवटचं कधी पळला होतात, हे विचारल्याशिवाय कुणी तुम्हाला व्यायाम सांगत असेल तर तो फक्त अंदाज आहे. म्हणून यावेळी अशी चार पत्रं घेतलीत ज्यात प्रत्येकाने जायला हवं वेगळ्याच माणसाकडे.

प्रश्न: वय ५६, सांगली. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. एक्स-रे काढला तर म्हणाले गॅप कमी झालाय, झीज आहे. शेजारच्या काकू म्हणतात चालणं बंद कर नाहीतर अजून झिजतील, आणि मुलगी व्हिडिओ लावून रोज पन्नास स्क्वॉट करायला सांगते. पूजेला पण आता स्टूल लागतं. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघींचंही नको. मला तो "झीज" शब्दच आवडत नाही, कारण तो ऐकला की माणसाला गाडीचा टायर आठवतो, जितका चालवू तितका झिजणार. गुडघ्याचं तसं नसतं. हाडांच्या टोकावर जी कूर्चा असते तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यात जे तेलकट पाणी असतं त्यातूनच तिला खाणंपिणं मिळतं, आणि ते पाणी आतबाहेर होण्यासाठी सांध्यावर भार यावा लागतो आणि निघावा लागतो, स्पंज दाबून सोडल्यासारखा. चालणं सोडलं की हे कमी होतं आणि वर मांडीचे स्नायू बारीक होतात, मग पायरी उतरताना जो दणका स्नायूंनी झेलायचा तो सरळ सांध्यावर जातो. म्हणजे काकूंनी सांगितलेल्या उपायानेच दुखणं वाढतं. आणि मुलीचं चुकतंय ते फक्त आकड्यात, ज्या मांडीत आज ताकदच नाही तिला पन्नास स्क्वॉट म्हणजे शिक्षा आहे.

सुरुवात पलंगावर करा. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी कडक झाली पाहिजे, पाच सेकंद धरायचं आणि सोडायचं, दहा वेळा. मग एक पाय वाकवून दुसरा सरळ पाय वीतभर उचलायचा. आठवड्याभराने खुर्ची घ्या, थोडी उंच, त्यावर उशी ठेवली तरी चालेल, आणि हात न टेकता उठायचं आणि बसताना धपकन बसायचं नाही, मनात तीन मोजत बसायचं. हे आठ वेळा जमलं की उशी काढा. तुमचा स्क्वॉट हाच!

दुखलं तर थांबायचं का, हे सगळेच विचारतात. शून्य ते दहा पट्टीवर तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवा, सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं, निम्मं करा, बंद करू नका. वजन जास्त असेल तर एक गोष्ट सांगते, शरीराचं एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. त्यामुळे तीन-चार किलोसुद्धा खूप आहेत, वीस किलोचा धसका घेऊन बसू नका.

तुम्ही गाठायचं ते फिजिओथेरपिस्टला. दोन-तीन वेळा समोर करून दाखवलंत की पुढचं घरी होतं. मात्र जिथे फक्त मशीन लावून शेक देतात आणि एकही व्यायाम शिकवत नाहीत तिथे महिनोन्महिने जाऊ नका, शेकाने बरं वाटतं पण मांडीत ताकद येत नाही. गुडघा गरम, लाल झाला, ताप आला, मधेच अडकायला लागला किंवा पोटरी एकाएकी सुजली तर मात्र आधी डॉक्टर.

प्रश्न: वय ३४, हिंजवडीत आयटीत आहे, दिवसभर बसून काम. जिम लावली, वर्षाचं पॅकेज घेतलं. पहिल्याच दिवशी ट्रेनरने शंभर स्क्वॉट आणि वर लेग प्रेस करून घेतला. चार दिवस कमोडवर बसता येईना. तो म्हणतो दुखलं म्हणजे फायदा झाला, आणि प्रोटीन पावडरचा डबा घ्या म्हणतोय. जाऊ का परत?

उत्तर: व्यायामाकडे परत जा, त्या ट्रेनरकडे जायच्या आधी दहा वेळा विचार करा. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वात जास्त ठणकतं हे नॉर्मल आहे, पण ठणकणं हे फायद्याचं माप नाही, ते फक्त एवढंच सांगतं की शरीराला याची सवय नव्हती. आणि एक गोष्ट तुमच्या वयाच्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून जरा जोरात सांगते. सवय नसताना स्नायूंवर असा अतिरेक झाला तर स्नायूपेशी फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि त्याने किडनी बंद पडू शकते. लघवी गडद, कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, स्नायू टम्म सुजून हात लावू देत नसतील तर तो व्यायामाचा थकवा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वाट बघायची नाही.

चांगला ट्रेनर ओळखायचा त्याच्या दंडावरून नाही तर पहिल्या दहा मिनिटांवरून. तो विचारतो का की बीपी आहे का, कंबर कधी धरली होती का, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला का, झोप किती मिळते? वजन न घेता आधी तुमची बैठक बघतो का? मागच्या वेळी किती वजन उचललं ते वहीत लिहून ठेवतो का? कोल्हापूरकडच्या तालमीतले वस्तादसुद्धा नव्या पोराचे जोर-बैठका हळूहळूच वाढवत नेतात, आणि आपण एसी हॉलमधे पैसे भरून पहिल्याच दिवशी शंभर काढतो.

तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस ताकदीचा व्यायाम करा, मधे दोन दिवसांची गॅप ठेवा. पाय, पाठ, छाती, खांदे, प्रत्येकाचा एखादा व्यायाम, आणि थांबताना वाटलं पाहिजे की अजून दोन-तीन निघाले असते. दहा नीट निघायचे ते बारा निघायला लागले की मग वजन थोडं वाढवायचं. बाकी दिवशी भरभर चालणं, एवढं भरभर की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमधे मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम असंच सांगितलंय, चालणं एकटं पुरत नाही. पावडर विष नाही, पण उसळ, दही, पनीर, अंडी यातून भागत असेल तर लागतही नाही, आणि जो माणूस व्यायामही सांगतो आणि डबाही विकतो त्याच्या सल्ल्यात त्याचं कमिशन असू शकतं हे ध्यानात ठेवा.

प्रश्न: वय ६७, निवृत्त शिक्षक, बार्शी. बारा वर्षं शुगर आहे, गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. पहाटे पाचला उपाशीपोटी तासभर चालतो. गेल्या आठवड्यात चालताना हातपाय थरथरले, घाम फुटला, कट्ट्यावर बसलो. व्यायाम वाढवू की कमी करू?

उत्तर: सर, आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना हे आजच सांगा, व्यायामाच्या माणसाला नंतर. तुम्ही लिहिलंय ते शुगर उतरल्याचं लक्षण असायची खूप शक्यता आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून तर व्यायाम शुगरवर इतका चांगला, पण रात्रीचं इन्सुलिन, गोळी, रिकामं पोट आणि वर तासभर चालणं हे चारही एकत्र आलं की साखर खाली जाते. डोस कमी करायचा का हे तेच ठरवतील, तुम्ही स्वतः इन्सुलिन बंद करू नका.

तोपर्यंत निघायच्या आधी ग्लुकोमीटरवर बघा, ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच निघा. खिशात साखरेची पुडी ठेवा. थरथर सुटली की तीन चमचे साखर पाण्यातून किंवा तशीच, पंधरा मिनिटांनी परत तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. बिस्किट, चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. एकटे अंधारात जाऊ नका. आणि तासाचे तुकडे केलेत तर फार बरं, दोन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटं, जेवणानंतर चढणारी साखर त्यानेच आटोक्यात येते. बूट घाला, चपलेवर नको, घरी आल्यावर तळवे उजेडात बघा, शुगरमधे पायाला लागलेलं कळत नाही.

अजून एक विचारते कारण तुम्ही लिहिलं नाहीये. चालताना छातीत किंवा जबड्यात, डाव्या हातात आवळल्यासारखं होऊन थांबलं की बरं वाटतं, असं कधी होतं का? होत असेल तर चालणं तिथेच थांबवून आधी हार्टची तपासणी. शुगरवाल्यांना छातीत न दुखता नुसताच दम लागतो असंही होतं. हे सगळं ठीक निघालं तर ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहायची सवय लावा, सुरुवातीला दहा सेकंद. तुमच्या वयात पडणं टाळणं हेही व्यायामाचंच काम आहे.

प्रश्न: वय ३१, ठाणे. बाळ दहा महिन्यांचं, नॉर्मल डिलिव्हरी. वजन उतरवायला झुंबा लावला पण उड्या मारल्या की लघवी होते, थोडीशीच. पॅड लावून जाते. मैत्रीण म्हणते बाळंतपणानंतर होतंच. सासूबाईंना पण खोकताना होतं म्हणे. क्लासला कुणाला सांगू पण शकत नाही.

उत्तर: पत्र लिहिलंत हे फार चांगलं केलंत, कारण याबद्दल बायका आयुष्यभर गप्प बसतात. खूप जणींना होतं हे खरं, पण होतं म्हणून सोसायचं हे खरं नाही. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून धरणारे. बाळंतपणात ते ताणले जातात आणि उडी मारली की वरचा दाब त्यांना पेलत नाही. झुंब्याचे क्लास वाढवून ते घट्ट होत नाहीत, त्यांचा व्यायाम वेगळा आहे.

आडवं पडून, वारा सरतोय तो रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं, पोट, कुल्हे, मांड्या सैल, श्वास चालू. पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा, आठ वेळा, दिवसातून तीनदा, बाळाला पाजताना पण जमतं. लघवीला बसल्यावर मधेच थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि किमान तीन महिने करा, आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नका. तोपर्यंत झुंब्यात उड्यांच्या जागी पावलं टाका, शिकवणाऱ्या ताईंना फक्त "डॉक्टरांनी उड्या नको सांगितलंय" एवढं म्हटलं तरी पुरे.

आधी एकदा गायनॅकना दाखवा. खाली काही उतरल्यासारखं, जड वाटत असेल तर ते नक्की सांगा. मग पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच झोळीसारख्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओ शोधा, मुंबई-ठाण्यात मिळतात, कारण खूप जणी आत ओढण्याऐवजी खाली जोर लावतात आणि ते स्वतःला कळत नाही, कुणीतरी तपासून सांगावं लागतं. आणि जाताना सासूबाईंना पण घेऊन जा, त्यांचंही वय झालंय म्हणून जमणार नाही असं काही नसतं, साठीतल्या बायकांनाही या व्यायामाने फरक पडतो.