जाणीव कसली मागतेस?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या दरमहा पैशांचे, फॉर्म भरलेस, हयातीचे दाखले स्कूटर काढून पोचवलेस, आणि त्यातल्याच एका काकींनी जत्रेत तोंड फिरवलं. 'एवढं केलं, पण जाणीव म्हणून नाही,' असं लिहिलंयस. त्या 'जाणीव' शब्दापाशीच मी अडलो. मदत करणारा तिची वाट बघत नाही. वाट बघतो तो उपकार करणारा.

आपल्या बोलण्यातच बघ ना. उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, उपकाराखाली माणूस दबतो. मदतीखाली दबलेला कुणी अजून मला भेटला नाही. 'परोपकार' तेवढा कीर्तनात सुखरूप राहिला.

गोव्यात हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. तुझ्या आजोबांच्या पिढीतला मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहायचा. भाट म्हणजे त्याची बागायत राखायची, बोलावणं आलं की हातातलं टाकून जायचं. भाटकार बरा असला तर अडीनडीला तांदूळ द्यायचा, पोरीच्या लग्नाला पैसेही. ते देणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण डोक्यावरचं छप्पर त्याच्याच मर्जीवर, त्यामुळे घेणाऱ्याची मान कायम खाली. 1975 च्या मुंडकार कायद्यानं त्याला घरातून हुसकावता येईना, घराखालची जागा विकत घ्यायचा हक्कही मिळाला. मामलेदारांकडे प्रकरणं वर्षानुवर्षं रखडली ती रखडलीच, पण मर्जीची गोष्ट हक्काची झाली. काकींचे दरमहाचे पैसेही हक्काचेच. तू फक्त कागद नेलास. काम मोठंच आहे, पण दाता तू नव्हेस.

आता खरी गोम. काकींनी सोलांची, आमसुलांची पुडी पुढं केली आणि तू 'राहू दे, तुम्हालाच लागतील' म्हणालीस, हे तूच लिहिलंयस. भिरंडं म्हणजे रातांबे फोडायचे, साली उन्हात घालायच्या, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या. पाऊस यायच्या आत हे सगळं उरकायचं. ती पुडी घेतली असतीस तर दोघी बरोबरीच्या झाला असता. आपल्याकडे घेणारा 'देव बरें करूं' म्हणतो आणि फेड देवावर सोपवून मोकळा होतो. तू काकींना ना फेडू दिलंस, ना मोकळं होऊ दिलंस.

यापुढे कुणी नारळ दिला, सोलं दिली, चहा पुढं केला तर घेत जा. पैसे मात्र घेऊ नकोस. त्यानं एजंट होशील.

आणि तो फोटो. फॉर्मवर अंगठा देताना काकींचा फोटो काढून वाड्याच्या ग्रुपवर टाकलास, हे पत्राच्या शेवटी सहज म्हणून लिहिलंयस. जत्रेतल्या रागाचं मूळ मला तिथंच दिसतं. सुनेनं पाहिला असेल, शेजारणीनं पाहिला असेल. आजच काढून टाक, आणि का काढून टाकला ते ग्रुपवर सांगत बसू नकोस.

तुझा,
काका