बँकेच्या लेखी संमतीआधी घेतलेला बयाणा

कल्याणच्या एका वाचकाची गृहकर्जाची थकबाकी ६२ लाखांवर गेली असून सरफेसी कायद्याच्या, म्हणजे न्यायालयात न जाता बँकेला तारण मिळकत विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची थकबाकी मागणारी नोटीस त्यांना मिळाली आहे. सदनिकेला तीन गिऱ्हाइके आहेत. एक जण ५८ लाख देतो, पण कर्ज काढून. दुसरा ५५ लाख आणि तिसरा ५२ लाख, मात्र ताबडतोब. पहिल्या दोघांचा बयाणा त्यांनी घेतलाही आहे आणि आता सौदा कोणाशी करावा, असे विचारतात.

तिन्ही रकमा थकबाकीपेक्षा कमी आहेत, त्यामुळे ही निवड आता आपल्या एकट्याच्या हातात नाही. कलम १३(१३) प्रमाणे ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या पूर्व लेखी संमतीशिवाय तारण मिळकत विकता येत नाही, आणि तसे केल्यास कलम २९ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शाखा व्यवस्थापक ‘आणा गिऱ्हाईक, बघू’ म्हणाले, असे आपण लिहिता. याला संमती म्हणत नाहीत. बयाणा घेण्यापूर्वी नोटीस शेवटपर्यंत वाचली असती, तर ही मनाई तिच्यातच बहुधा दिसली असती.

तिन्ही देकार, पहिल्याचे कर्जमंजुरीपत्र आणि तिसऱ्याच्या खात्याचा उतारा जोडून, एकाच अर्जाने बँकेकडे द्यावेत व पोच घ्यावी. बँक कोणता देकार पसंत करील हे सांगता येत नाही. ५८ लाखांसाठी थांबण्यापेक्षा ती हाती येणारे ५२ लाख घेईलही. एकरकमी तडजोड, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणे, हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. संमतीपत्र आलेच, तर त्यात ही रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून स्वीकारली, असे शब्द आहेत का ते पाहावे. ते नसतील, तर घर जाऊनही उरलेल्या रकमेसाठी बँक कलम १३(१०) खाली आपल्यामागे येऊ शकते.

हे सारे लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी व्हायला हवे. ती प्रसिद्ध झाली की पूर्ण थकबाकी भरून मिळकत सोडवण्याचा हक्कही कलम १३(८) प्रमाणे संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने त्यात पळवाट फारशी उरलेली नाही. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते, परंतु तेथे तारखांवर तारखा पडतात आणि व्याज थांबत नाही, म्हणून त्या भरवशावर राहू नये.

दोन बयाण्यांपैकी निदान एक आजच परत करावा, तोही बँक खात्यातून आणि पावती घेऊन. दुसरा ठेवायचाच असेल, तर ‘बँकेची लेखी संमती न मिळाल्यास हा व्यवहार रद्द व रक्कम परत’ असे लेखी करून त्यावर त्या गिऱ्हाइकाची सही घ्यावी. यातील २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतली असेल, तर आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेच्या दंडाची तरतूद आहे. तसे असल्यास अर्ज करण्यापूर्वी सनदी लेखापालांना भेटावे.