मिरजेहून लेस्टरला यायचं म्हणतेस, तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. मिरजेत आयसीयूत नर्स म्हणून नऊ वर्षं, मिस्टर सहकारी बँकेत, लेक येत्या मार्चमध्ये चार वर्षांची होणार, आणि सांगलीतला एजंट म्हणतोय की अठरा लाख भरा, सहा महिन्यांत यूकेत पोचवतो. शेवटी विचारलंस, "ताई, तुमचं तिकडे छान झालं, मग आमचंही होईल ना? आणि टीव्हीवर दाखवतात तसं खरंच आहे का?"

मी २००८ साली इंग्लंडमध्ये, लेस्टरला आले. तेव्हाचे नियम, तेव्हाचा खर्च, तेव्हाचं राजकारण, यातलं आता फारसं काही उरलेलं नाही. त्यामुळे माझं छान झालं यावरून तुझं गणित मांडू नकोस. मी आजचं सांगते, त्यावर तू ठरव.

आधी त्या एजंटचं, कारण त्यात घाई आहे. त्याला एक पैसाही देऊ नकोस. तू लिहिलेल्या वर्णनावरून तो तुला नर्स म्हणून नाही, केअर वर्कर म्हणून पाठवू बघतोय. कोविडनंतर इथे म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं मिळेनात, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कामासाठी व्हिसा खुला झाला. ११ मार्च २०२४ पासून त्यांना नवरा-बायको, मुलं आणायला बंदी आली. आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअर वर्कर आणणंच बंद झालं. तो विकतोय ती वाटच आता अस्तित्वात नाही.

२०२३ साली अशाच पैसे भरून आलेल्या दोन मुली माझ्या ओळखीच्या झाल्या. एकीने आईचे दागिने गहाण ठेवले होते. ज्या कंपनीच्या नावावर आल्या, तिच्याकडे आठवड्याला जेमतेम दहा तासांचं काम होतं. कंपनीचा परवाना गेला, तेव्हा दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी आपलं नाव देणारा मालक, शोधायला हातात ६० दिवस. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती मुलगी रडली, ते मी विसरलेले नाही. म्हणून इतकं निक्षून सांगते.

तुझी वाट वेगळी आहे आणि ती अजून उघडी आहे. आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दे, भारतातच संगणकावरची सीबीटी ही परीक्षा दे, नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणीला लाग, आणि मग इथे येऊन ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. नोंदणीकृत नर्सला आजही नवरा आणि मूल सोबत आणता येतं, नवऱ्याला जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते. नर्सेसना मिळतो त्या हेल्थ अँड केअर व्हिसावर, व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभारही माफ आहे. बाकीच्यांना तो मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड पडतो, म्हणजे तुमच्या तिघांचे बरेच पैसे वाचतात. आणि एक कायमचं लक्षात ठेव, खरा स्पॉन्सर नर्सकडून नोकरीचे पैसे घेत नाही, उलट बरेचदा विमानाचं तिकीट तोच काढतो. मात्र कोविडनंतर रुग्णालयांनी जशी भराभर भरती केली, तशी आता होत नाही. वर्षभर वाट बघायची तयारी ठेव.

कायम राहण्याच्या परवानगीबद्दल तू "पाच वर्षांनी मिळतेच ना" असं लिहिलंस. मला पाच वर्षांनी मिळाली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत सर्वसाधारणपणे १० वर्षं करायचं म्हटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तपशील मांडला, त्यात एनएचएसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, डॉक्टर-नर्सना पाच वर्षंच ठेवण्याची भाषा होती, आणि केअर वर्करसारख्या कामांना थेट पंधरा. तुला यातून दिलासा मिळेल, पण मी सांगेन, दहा धरूनच चाल. गेल्या पाच वर्षांत इथे माणसं वाटेत असताना नियम बदललेले मी बघितलेत. मिरजेचं घर विकू नकोस, भाड्याने दे. मिस्टरांना बँकेतून राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळत असेल तर आधी ती घ्यायला सांग.

आता पैसे. बँड म्हणजे एनएचएसमधली पगाराची श्रेणी. बँड ५ च्या नर्सला २०२५-२६ मध्ये सुरुवातीला वर्षाला ३१,०४९ पौंड मिळत होते. याचे रुपये करून नातेवाइकांना सांगू नकोस. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून महिन्याला हातात साधारण २,००० येतात. लेस्टरमध्ये दोन बेडरूमचं घर हजाराच्या आसपास, कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा कर, दीडशे, गॅस-वीज तितकीच, वर पाणी, फोन, बस. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ११.१ टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांतली सर्वात जास्त. तो आकडा पुढे खाली आला, पण वाढलेले भाव खाली आले नाहीत. मी आले तेव्हा एका नर्सच्या पगारात जपून का होईना कुटुंब चालायचं. आता चालत नाही. मिस्टरांना काम करावंच लागेल, आणि पहिलं काम बँकेतलं नसेल. गोदाम, सुपरमार्केट, रुग्णालयातलं पोर्टरचं काम, असं काहीतरी. ही गोष्ट विमानात बसण्याआधी तुम्हा दोघांत स्वच्छ बोलून झालेली हवी. संसार ताणला जातो तो पैशापेक्षा याच गोष्टीने, हे मी तीन घरांत पाहिलंय.

घर भाड्याने घेताना डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. पूर्वी नव्या माणसाकडे सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे, १ मे २०२६ पासून तेही बंद, आणि कारण न देता घर खाली करायला लावणंही. घर बघायला जाशील तेव्हा कपाटामागची भिंत आणि बाथरूमचं छत बघ. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, आणि लहान मूल असताना ते घर नको. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार पडतो, माणसं बिलाच्या धास्तीने हीटिंग लावत नाहीत, कपडे घरातच वाळत घालतात, आणि भिंती ओल धरतात.

लेकीचं वेळापत्रक मात्र छान जुळतंय. ३१ ऑगस्टपर्यंत चार पूर्ण झालेली मुलं सप्टेंबरमध्ये रिसेप्शनच्या वर्गात जातात. सरकारी शाळा, पूर्ण दिवस, फी नाही, आणि पहिली तीन वर्षं दुपारचं जेवणही फुकट. त्याआधी मात्र नर्सरीचा खर्च महिन्याला हजार पौंडांच्या घरात जातो. आठवड्याला तीस तास नर्सरी मोफत अशी जाहिरात तू वाचली असशील, ती सवलत तुमच्या व्हिसाला लागू नाही, कारण त्यावर सार्वजनिक निधी मिळणार नाही असा शिक्का असतो. सगळ्यांना असलेले पंधरा तास तेवढे मिळतील. म्हणून तू आधी ये, परीक्षा आणि नोंदणी उरक, आणि लेक व मिस्टर शाळा सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये येऊ देत. शाळेच्या अर्जाची मुदत १५ जानेवारी असते. ती हुकली तरी अर्ज करता येतो, फक्त जागा उरेल ती शाळा मिळते.

आता वॉर्डबद्दल. हे कुणी तुला सांगणार नाही. एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि इथल्या लोकांचं तिच्यावर खरंखुरं प्रेम आहे. रुग्णाला बिलाचा प्रश्न विचारावा लागत नाही, ही गोष्ट नर्स म्हणून किती मोठी आहे ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. मिरजेत मी नातेवाइकांना औषधांची चिठ्ठी देताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचे, तूही टाळत असशील. ते इथे नाही. पण व्यवस्था थकली आहे. २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये ७० लाखांहून जास्त उपचार प्रतीक्षायादीत होते. हिवाळ्यात खाटा पुरत नाहीत, रुग्ण कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर असतात, आणि तिथेच सलाइन लावायचं, तिथेच पडदा ओढून बेडपॅन द्यायचं. डिसेंबर २०२२ मध्ये नर्सेसनी संप केला, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या आमच्या संघटनेच्या इतिहासातला सर्वात मोठा. २०२० च्या वसंतात दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवायचे. त्यानंतर तीन वर्षं पुरी व्हायच्या आत आम्ही फलक घेऊन रस्त्यावर होतो.

खाटा का अडतात ते ऐक. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे चौऐंशी वर्षांचे एक आजोबा होते. न्यूमोनिया बरा झाला, डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, आणि पुढे तेवीस दिवस ते खाटेवरच. घरी दिवसातून चार वेळा येऊन त्यांना उठवायला, जेवू घालायला माणूस मिळेना. मुलगा दुसऱ्या देशात. ते काम कौन्सिलकडे, आणि कौन्सिलांच्या तिजोऱ्या रिकाम्या. बर्मिंगहॅमसारख्या शहराने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याला खर्च झेपत नाही अशी अधिकृत नोटीस काढली. आणि ज्यांनी ते काम केलं असतं, त्या बायकांचा व्हिसा आता बंद. आजोबा रोज मला विचारायचे, आज जाऊ का घरी. या देशात काय बिघडलंय ते मला त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून सर्वात स्पष्ट दिसलं.

म्हणून १२ मे २०२५ ला पंतप्रधान स्टार्मर बाहेरून येणाऱ्या माणसांबद्दल बोलताना म्हणाले की आपण 'अनोळखी माणसांचं बेट' बनण्याचा धोका आहे, तेव्हा मला फार लागलं. पुढच्या महिन्यात त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. पण त्या दिवशी मी बारा तासांची शिफ्ट संपवून बसमध्ये बसले होते, आणि त्या रात्री आमच्या वॉर्डात केरळ, मनिला, अक्रा आणि लेस्टर इथल्या नर्सेस एकत्र काम करत होत्या. एकमेकींना अनोळखी असं कुणी नव्हतं.

टीव्हीवर दिसतं ते खोटं नाही. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी नुकताच होडीतून आलेला आश्रयार्थी आहे अशी खोटी बातमी पसरली, आणि आठवडाभर गावोगाव दंगली झाल्या. रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेलं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला. आमच्या प्रमुख नर्सने रात्रपाळीच्या सगळ्यांना जोडीने घरी जायला सांगितलं. मी सोळा वर्षांत पहिल्यांदा पदराखाली किल्ली घट्ट धरून चालले. पण तुला पुढचंही माहीत हवं. साउथपोर्टच्या मशिदीची दंगेखोरांनी पाडलेली भिंत दुसऱ्याच दिवशी तिथल्या गवंड्यांनी आणि शेजाऱ्यांनी उभी केली. आणि ७ ऑगस्टला दंगेखोर येणार अशी आवई उठली तेव्हा लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये हजारो लोक त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. दोन्ही माणसं याच देशातली, तुला दोन्ही भेटतील.

लेस्टर निवडलंस तर आपली माणसं भरपूर आहेत. २०२१ च्या जनगणनेत इथले ४३ टक्के लोक आशियाई वंशाचे होते. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती इथे येऊ लागले, तेव्हा याच शहराच्या कौन्सिलने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की लेस्टरला येऊ नका. आज बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला पाय ठेवायला जागा नसते. पण आपली माणसं म्हणजे सगळं सुरक्षित असंही समजू नकोस. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर इथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले, आणि भारतातून येणाऱ्या अफवांनी त्यात तेल ओतलं. माझी शेजारीण पाकिस्तानी आहे. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन, मी पोचले का ते बघून जायची. व्हॉट्सअॅपवर आलेलं काही पुढे ढकलू नकोस, तिथूनही नको आणि इथे आल्यावर तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊकच नसते. भारतीय पासपोर्टवर, इथे कायदेशीर राहत असलीस की, तुला मतदान करता येतं. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क आहे, अगदी संसदेच्या निवडणुकीतसुद्धा. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे आणि मी प्रत्येक वेळी मत दिलंय. पत्ता मिळाला की आधी मतदारयादीत नाव घाल. २०२३ पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्याला आपला पासपोर्ट चालतो. बोटाला शाई नाही, पेन्सिलीने फुली मारायची. ४ जुलै २०२४ ला देशभर लेबर पक्षाची लाट होती, पण लेस्टर पूर्वमध्ये हुजूर (कॉन्झर्वेटिव्ह) पक्ष जिंकला आणि लेस्टर दक्षिणमध्ये एक अपक्ष. मत गुप्तच असतं, पण कुठल्या वस्तीतली माणसं मतदानाला बाहेर पडतात हे उमेदवारांना चांगलं कळतं. परदेशी लोकांविरुद्ध बोलणारा रिफॉर्म पक्ष मे २०२५ मध्ये दहा कौन्सिलांत बहुमताने निवडून आला. आपण घरी बसून काळजी करण्यापेक्षा मत देणं बरं.

तर यावं का? मला वाटतं, यावं. पण नर्स म्हणून, स्वतःच्या परीक्षांच्या जोरावर, आणि परतीचं दार उघडं ठेवून. ते अठरा लाख लेकीच्या नावावर बँकेत राहू देत.

निघण्याआधी तिघांचेही दात मिरजेतच दाखवून घ्या. इथे एनएचएसचा दंतवैद्य मिळणं फार अवघड झालंय, माझ्या एका दाढेसाठी मी सात ठिकाणी फोन केले आणि शेवटी सुट्टीत तिकडेच येऊन काढली. आणि ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. बँड कुठला, आठवड्याचे तास किती, आणि नोकरी मध्येच सोडली तर किती पैसे परत मागणार, या तीन ओळी मला वाचायच्या आहेत.