मधुमेहामुळे तळपायाची जखम तीन महिने भरत नाही, व्हॅक्यूम ड्रेसिंग करावं का?

वडिलांच्या अंगठ्याखाली जखम आहे, रोज पट्टी चालू आहे आणि डॉक्टरांनी व्हॅक्यूम (जखमेत स्पंज भरून वरून हवाबंद करतात, मशीन आतलं पाणी डब्यात ओढून घेतं) व ऑक्सिजन चेंबर (बंद कक्षात जास्त दाबाने शुद्ध ऑक्सिजन देतात) सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. घाटीत (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा लातूर-नांदेडच्या मेडिकल कॉलेजात सर्जरीच्या ओपीडीत हे तपासून मिळेल.

पायाला रक्त पोचतंय का? घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून आकडा काढतात. तो ०.९ च्या खाली असेल तर रक्त कमी पोचतंय. पण मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा उगाच वाढतो, १.३ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नका. पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजून घ्या.

दुसरं, हाड. जखमेत निर्जंतुक बोथट सळई घातल्यावर कडक लागलं तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे संसर्ग असूनही एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो.

तिसरं सगळ्यात दुर्लक्षित: जखमेवर पडणारा भार. पट्टी करून माणूस रानात जातो, कारण बधिर पाय दुखतच नाही. भार कमी करणारा, पण काढता येणारा बूट रात्री संडासला जाताना हमखास काढला जातो. म्हणून रक्तपुरवठा बरा असेल आणि संसर्ग नसेल तर गुडघ्यापर्यंतचं, न काढता येणारं प्लास्टर उत्तम.

मेलेला भाग कापून काढल्याशिवाय आणि हाडातल्या संसर्गावर उपचार सुरू झाल्याशिवाय व्हॅक्यूम लावू नये. स्पंज जखमेच्या मापाचाच कापायचा. तो चांगल्या कातडीवर आला तर कडा भिजून पांढऱ्या पडतात. आत किती तुकडे घातले ते ड्रेसिंगवरच लिहायला सांगा, एखादा आत राहिला तर जखम पुन्हा चिघळते. मशीनचा ओढ-दाब साधारण उणे १२५ मिमी (पाऱ्याचा), बदल ४८ ते ७२ तासांनी. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेव्हा बॅटरी किती चालते ते विचारा. मशीन दोन तासांहून जास्त बंद राहिलं तर स्पंज काढून साधी ओली पट्टी करावी लागते. डब्यात लालभडक रक्त दिसलं तर मशीन लगेच बंद करा, जखम दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

ऑक्सिजन चेंबर मी शेवटी ठेवीन. रोज सुमारे दीड तास, वीस-चाळीस बैठका, वर गावाहून जाणं-येणं. धमनी बंद असेल तर आधी ती उघडावी लागते.

दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही, तर तेच ड्रेसिंग पुढे ओढू नका, वरच्या तिन्ही तपासण्या नव्याने करून घ्या.