परदेशातील देणगीदार शोधताना यादी विकत घेऊ नका

परदेशातील संभाव्य देणगीदारांचा शोध घेण्यासाठी उपयुक्त ऑनलाइन साधने कोणती आणि लहान संस्थेने त्यासाठी सशुल्क यादी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: घेऊ नये. हे मी अनुभवाने सांगत आहे आणि तो अनुभव अजूनही मनाला लागून आहे.

आमची संस्था सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मुलींचे वसतिगृह चालवते. २०१८ साली आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी अमेरिकेतील संपन्न महाराष्ट्रीय लोकांची एक यादी विकत घेतली. नाव, पत्ता, अंदाजे मालमत्ता, मूळ गाव असे रकाने होते, पण कोणती माहिती कुठून घेतली याचा रकाना नव्हता. एका नावापुढे स्वतःची कंपनी विकल्याची नोंद होती. आपल्याकडे एकाच आडनावाची आणि त्याच पहिल्या नावाची माणसे प्रत्येक गावात सापडतात, तेव्हा वडिलांचे नाव आणि वय जुळल्याशिवाय पत्र पाठवू नये, असे मी बैठकीत सांगितले. "इतकी शंका घेत बसलो तर वर्ष असेच निघून जाईल," असे उत्तर मिळाले आणि कंपनीच्या विक्रीबद्दल अभिनंदन करणारे पत्र माझ्या सहीने गेले. तीन आठवड्यांनी स्वच्छ मराठीत उत्तर आले: आपण शोधत आहात ते गृहस्थ मी नव्हे, मी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे, आणि माझ्या घराचा पत्ता आपल्याला कोणी दिला ते कळवावे. त्या शेवटच्या वाक्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. इतिवृत्तात मात्र चूक पत्रलेखकाची म्हणून नोंदली गेली.

त्यानंतर मी मूळ कागद वाचायला शिकलो. अमेरिकेतील खासगी फाउंडेशनना दरवर्षी ९९०-पीएफ हे विवरणपत्र आयकर खात्याकडे भरावे लागते आणि ते सर्वांसाठी खुले असते. प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर ते विनामूल्य वाचता येते. ऑनलाइन भरलेल्या विवरणपत्रांच्या मजकुरात शब्दही शोधता येतो. मी प्रथम तालुक्याचे नाव टाकले, पण 'माण' इंग्रजीत लिहिले की ते 'मॅन' होते आणि निकालांचा डोंगर उभा राहतो. मग दहिवडी हे तालुक्याच्या मुख्य गावाचे नाव एकदा डब्ल्यू घालून आणि एकदा व्ही घालून शोधले. व्ही घातल्यावर एका लहान कौटुंबिक फाउंडेशनचे विवरणपत्र समोर आले. त्यांनी अमेरिकेतल्याच एका धर्मादाय संस्थेला सलग तीन वर्षे रक्कम दिली होती आणि उद्देशाच्या रकान्यात दहिवडी परिसरातील मुलींचे शिक्षण असे लिहिले होते. कोणाला, किती आणि कशासाठी दिले, हे देणाऱ्याने स्वतःच्या सहीने सरकारला सांगितलेले असते. याहून विश्वासार्ह यादी कोण विकणार?

त्याच विवरणपत्रात एक चौकोन असतो. आम्ही आधीच निवडलेल्या संस्थांनाच देणगी देतो, न मागवलेले अर्ज स्वीकारत नाही, असा त्याचा अर्थ. तिथे खूण असेल तर पत्र पाठवण्यात वेळ घालवू नये. इथे खूण नव्हती. मी दोन पानांचे पत्र लिहिले, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडले. त्यांच्या वकिलाने खर्चाचा स्वतंत्र अहवाल देण्याची लेखी हमी मागितली, कारण परदेशी संस्थेला थेट रक्कम देताना खासगी फाउंडेशनवर सहसा तशी जबाबदारी येते. आज वसतिगृहाच्या आवारात उभी असलेली पाण्याची टाकी त्या पत्रातून आली आहे.

इतर देशांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये चॅरिटी कमिशनची नोंदवही आणि ३६०गिव्हिंगचे ग्रँटनॅव्ह हे कोणी कोणाला अनुदान दिले ते शोधण्याचे साधन पाहा. कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत संचालकाचा जन्ममहिना आणि जन्मवर्ष विनामूल्य दिसते. एकाच नावाची दोन माणसे वेगळी करण्यासाठी एवढे पुरते. कॅनडात महसूल खात्याकडील धर्मादाय संस्थांची यादी आणि त्यांचे टी३०१० विवरणपत्र, ऑस्ट्रेलियात एसीएनसी या धर्मादाय आयोगाची नोंदवही. अमेरिकेतील शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अधिकारी आणि संचालक यांचे समभागव्यवहार तिथल्या रोखे आयोगाच्या एडगर या संकेतस्थळावर फॉर्म ४ मध्ये सापडतात. उत्तर अमेरिकेतील मराठी माणसांसाठी मी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांच्या स्मरणिका आवर्जून वाचतो. कोणी कोणत्या कामाला हातभार लावला हे त्यातून कळते, आणि माणसाच्या मालमत्तेपेक्षा मला तेच महत्त्वाचे वाटते.

दोन गोष्टी खरे तर आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली म्हणजे देणगीदाराचे नागरिकत्व. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. अशी रक्कम घेण्यासाठी एफसीआरए या विदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. हे नसेल तर शोध घेऊन उपयोग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, माहिती खुली आहे म्हणून ती कशीही वापरता येत नाही. अमेरिकेच्या निवडणूक आयोगाकडील राजकीय देणगीदारांची नावे धर्मादाय देणगी मागण्यासाठी वापरण्यास तिथल्या कायद्याने मनाई आहे. ब्रिटनमध्ये देणगीदारांच्या नकळत त्यांची संपत्ती तपासून चाळणी लावल्याबद्दल २०१६ आणि २०१७ मध्ये नामांकित संस्थांनाही दंड झाला. म्हणून आमच्या नोंदवहीत आता प्रत्येक माहितीपुढे ती कुठे मिळाली आणि कोणत्या तारखेला पाहिली हे लिहिलेले असते.

आपल्याला घाई असेल, मनुष्यबळ नसेल आणि मूळ स्रोत दाखवणारी चांगली सशुल्क सेवा परवडत असेल, तर महिनाभरासाठी घेऊन पाहण्यास हरकत नाही. पण कुठून आली हे न सांगणारी यादी कोणत्याही किमतीला घेऊ नये. आमच्या विश्वस्तांनी तशीच यादी घेण्याचा प्रस्ताव या वर्षी पुन्हा मांडला आहे. मी माझा विरोध लेखी दिला आहे आणि त्याला त्या निवृत्त तंत्रज्ञांच्या पत्राची प्रत जोडली आहे.