मीटिंगला ओळखीचं कुणी भेटलं तर?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षक आहे. वय ४३. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून दिवाळीआधी घरी आलो. शाळेत मणक्याचं दुखणं सांगून रजा काढली होती. निघताना 'एए'च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला जात राहा, असं बजावलं होतं, पण अजून गेलो नाही. आमच्या गावात मीटिंग नाही. साताऱ्याला जावं तर पालक किंवा संस्थेतलं कुणी भेटायचं. शिवाय तिथे प्रार्थना म्हणतात आणि मी देव मानत नाही. बायको म्हणते, मीही येते. तिला न्यावं का? आल्यापासून थेंबही घेतलेला नाही, मग जायची खरंच गरज आहे का?
— एक वाचक

उत्तर : सर, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या अडचणी त्याच्याच आडोशाला उभ्या आहेत. केंद्रात दारू नव्हती, पगाराची तारीख नव्हती आणि स्नेहसंमेलन उरकल्यावर 'काय सर, बसायचं का?' म्हणणारे सहकारीही नव्हते. आता ते सगळं आहे. व्यसनमुक्ती विभागात समाजसेविका म्हणून काम करताना दुसऱ्यांदा भरती झालेले पुष्कळ पाहिले. 'बरं वाटत होतं, म्हणून मीटिंग सोडली' हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी असायचं. तेव्हा गरज आहे.

मीटिंग शोधणं अवघड नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातल्या संकेतस्थळावर संपर्क मिळेल. तिथे फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला सभासदच असतो. त्याला मराठी मीटिंग कोणती, किती वाजता आणि नेमकी कुठल्या खोलीत, हे विचारून घ्या. खोलीचं मुद्दाम सांगतेय. या मीटिंग पुष्कळदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात आणि बाहेर मोठी पाटी नसते. पहिल्यांदा येणारा माणूस आवारात दोन फेऱ्या मारतो आणि 'सापडली नाही' म्हणत स्टँडवर परततो. परतीची शेवटची एसटीही आधी बघून ठेवा. संध्याकाळच्या मीटिंगला साधारण तास-दीड तास जातो. एसटी चुकणार असेल तर रविवारची गाठा, मधल्या वारी ऑनलाइन बसा. पण नुसतं ऑनलाइन नको. मीटिंग संपल्यावर बाहेर चहा घेत जे बोलणं होतं, त्यातच पहिला फोन नंबर मिळतो. रात्री अकराला तलफ आली की तोच कामाला येतो.

आत काय होतं? तुम्ही फळ्यासमोर उभे राहणारे, तिथे मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसावं लागेल. हजेरीपट नसतो, फी नसते. पैशांची पिशवी फिरते, नवख्यानं नुसती पुढे सरकवली तरी चालतं. आडनाव कुणी विचारत नाही. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हणा. कुणी सल्ले देत नाही, प्रत्येक जण आपापलं सांगतो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी नुकतीच दारू सोडलेला एक शेअर बाजारातला माणूस आणि अजून दारूत बुडालेला एक सर्जन एकमेकांशी बोलत बसले. तिथून हे सुरू झालं, आणि आजही गाभा तेवढाच आहे. पहिला ग्रुप रुचला नाही तर दुसरा बघा. काही ग्रुपमध्ये एकच जुना सभासद अर्धा तास खातो, हे खरं आहे.

ओळखीच्या माणसाचं म्हणाल, तर पालक तिथे भेटले तरी ते काही तुमच्यावर पाळत ठेवायला आलेले नसतील. तरीही मन घेत नसेल तर सुरुवात पुण्यात करा, त्यात कमीपणा नाही. मणक्याची गोष्ट शाळेत तशीच राहू द्या.

प्रार्थनेच्या वेळी गप्प राहा. 'एए'चा दारूमुक्तीचा मार्ग ज्या बारा पायऱ्यांत मांडलाय, त्यांत ईश्वर आहे, पण 'आम्हाला उमगला तसा' एवढी मोकळीक ठेवून. समोर बसलेल्या माणसांनाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानणारे नास्तिक सभासदही असतात. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

वहिनींना ओपन मीटिंगला जरूर न्या. क्लोज्ड फक्त तुमच्यासारख्यांची असते. पण त्यांना त्यांची स्वतःची जागाही हवी. घरच्यांसाठी अल-अनॉन हा तसाच वेगळा गट आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्येही कुटुंबीयांसाठी काम चालतं. तिथे त्यांना तुमच्याबद्दल तुमच्यामागे बोलू द्या. घरी आल्यावर 'काय बोललीस?' विचारू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. कधी घसरलात तर लाजेपोटी महिनाभर दडून बसू नका, त्याच आठवड्यात मीटिंगला जा. मात्र रोज पिणं चार-आठ दिवस चाललं असेल तर एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, मग फिट किंवा भास, असं दोन-तीन दिवसांत होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. तेव्हा आधी डॉक्टर, मग मीटिंग. अडलंच तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. आणि वहिनींना सांगा, कुणी कितीही खात्री दिली तरी दारू सोडवायची गोळी तुमच्या नकळत आमटीत घालायची नाही. त्यावर दारू पडली तर रक्तदाब कोसळतो.