वडिलांना लकवा झालाय. रोज मालिश करतो, उजवा हात पुन्हा कामाला येईल का?

येऊ शकतो, पण नुसत्या मालिशीनं नाही. बिघाड हातात नाही, मेंदूत झालेला असतो. रोजचं खरं काम शेकडो वेळा केलं की मेंदू ते पुन्हा शिकतो. ऑक्युपेशनल थेरपीत हेच करून घेतात.

आमच्या आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा थेरपिस्ट ताईंनी तिच्यापुढं परातीत ज्वारीचं पीठ ठेवलं. लुळ्या हातावर चांगला हात ठेवून भाकर थापायची. आधी बोटं मुठीतच राहायची, मग हळूहळू उघडायला लागली. पहिली भाकर एका बाजूनं जाड झाली, फाटली. आम्ही ती सगळ्यांनी वाटून खाल्ली. तुमच्या वडिलांना सदऱ्याच्या गुंड्या, पाण्याचा तांब्या, तूर निवडणं असं त्यांच्या सवयीचं काम द्या.

पहिल्या 3 ते 6 महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते. पुढंही होते, पण सावकाश. तालुक्याला थेरपिस्ट नसेल तर लातूर-संभाजीनगरला दाखवून घरी करायचं काम नीट समजून घ्या. आम्ही परभणीहून तसंच केलं.

आणि कळकळीनं सांगते, उठवताना तो हात धरून ओढू नका. ढिला पडलेला खांदा सरकतो, मग दुखण्यापायी सरावच बंद पडतो.